पाखराच्या पायातली चिठ्ठी

धुळ्यात मला कुणी "आपण कुठल्या खात्यात होता?" असे विचारले, की मी आधी पान लावायला घेतो. तेवढ्यात विषय बदलला तर बरेच. नाही बदलला तर सांगावे लागते, की मी मेलेली पाखरे शिवत असे. मग विचारणारा खुर्ची थोडी मागे घेतो. एका वकिलांनी तर माझ्या हातचे पान घेतले आणि मी उठून गेल्यावर ते खिडकीबाहेर टाकले. मी चप्पल विसरलो म्हणून परत आलो, त्यामुळे मला ते दिसले. या अंकाच्या संपादकांनी मात्र "हेच लिहा" म्हटले, म्हणून लिहितो.

मी जातीने शिंपी. बाप धुळ्यात सदरे शिवी, मी बापाच्या हाताखाली काजे-बटणे करी. जंगलखात्याचे फाटके तंबू आमच्याकडे दुरुस्तीला येत. त्या वेळच्या जंगलसाहेबाला पाखरे मारून मुंबईच्या म्युझियमला पाठवण्याचा नाद होता आणि ती सोलण्याचे काम त्याचा खानसामा करी. खानसाम्याचा हात कोंबडीवर बसलेला. साहेबाने एकदा तंबूवरचे माझे ठिगळ पाहिले आणि माझ्यापुढे एक मेलेला होला टाकून म्हणाला, "इसको सिओ." मला वाटले, तंबूचे काम बिघडले म्हणून शिक्षा करतोय. मी मुकाट्याने शिवला. त्याने होला उलटा-सुलटा करून पाहिला, त्याला टाका सापडेना. पुढच्या आठवड्यात मी त्याच्या छावणीत होतो, आणि पुढे म्युझियमनेच मला कायमचा ठेवून घेतला.

आमची माय म्हणाली, "मानसंस्ना कपडा शिवता शिवता आते पाखरं शिवाले लागना का रे?" त्या दिवसापासून माझे ताट चुलीपासून दोन हात लांब गेले, ते ती असेपर्यंत लांबच राहिले.

काम असे असते. पाखरू बारीक छऱ्याने मारायचे, म्हणजे पिसे फार उडत नाहीत. हातात आले की आधी चोचीत आणि जखमेत कापूस कोंबायचा, नाहीतर रक्त पिसांवर येते आणि ते धुता धुता नाकी नऊ येतात. मग छातीपासून शेपटीकडे एक चीर. तिथून कातडी बोटाने लोटत न्यायची, ओढायची नाही. ओल्या पायमोज्यासारखी ती उलटी होऊन येते. मांस, मेंदू, डोळे सगळे बाहेर. कवटी आणि पंखांची, तंगड्यांची हाडे तेवढी ठेवायची. मध्ये मध्ये ज्वारीचे पीठ भुरभुरायचे, ते ओल टिपून घेते. हे पीठ पाहून कित्येक खेड्यांत बायांनी मला विचारले आहे, की तळणार की भाजणार. मग आतून सोमलाचा साबण फासायचा. सोमल जहरी. कामगाराने हात न धुता भाकरी खाल्ली तर कातडी टिकते, कामगार टिकत नाही. शेवटी आपला खानदेशी कापूस भरून टाके घालायचे.

लोकांना वाटते, आमची पाखरे काचेच्या कपाटात पंख पसरून उभी राहत असतील. तो दिखाव्याचा माल. आमची पाखरे उताणी, पाय जुळवून, लाकडी खणात ओळीने निजलेली असतात आणि शिकलेली माणसे ती काढून पट्टीने मोजतात. त्यांना पाखराच्या ऐटीशी कर्तव्य नसते. त्यांना हवी असते पायाला बांधलेली चिठ्ठी. पाखरू कुठे मारले, कधी मारले, नर की मादी, मारणारा कोण. चिठ्ठीवाचून पाखरू म्हणजे नुसती पिसांची पिशवी. चिठ्ठी चुकली तर त्याहून वाईट, कारण पिशवी खोटे बोलत नाही.

खाजगी गिऱ्हाइकेही येत. जळगावचे एक कापसाचे दलाल मेलेला पोपट रुमालात गुंडाळून घेऊन आले. त्यांना तो दिखाव्याचाच हवा होता, चोच उघडी, बोलतोय असा. मी तसा करून दिला. आठ दिवसांनी ते पोपट घेऊन परत हजर. म्हणाले, "नाना, काम झकास आहे. पण हा उजव्या डोळ्यानं बघायचा हो, तुम्ही डाव्यानं बघायला लावलंत." मी मान फिरवून दिली. गृहस्थ ओट्यावर बसून रडले. मला मात्र मान फिरवताना टाका दिसू लागला याचेच वाईट वाटत होते. हातात एकदा हुन्नर आला, की माणूस थोडा निबर होतो.

आता त्या वर्षाकडे येतो. युद्धाला अजून दोनतीन वर्षे होती. एका हिवाळ्यापासून पुढच्या हिवाळ्यापर्यंत पाखरांच्या शास्त्रात आमच्या खानदेशापुरते जेवढे घडले, तेवढे आधीच्या सगळ्या वर्षांत मी पाहिले नव्हते. धुळ्याजवळच्या एका गावचे पोलीस पाटील दोन पंच घेऊन माझ्या दारात आले. तलावावर कुणीतरी बदक मारले होते, त्याच्या पायात धातूची कडी निघाली, कडीवर इंग्रजी अक्षरे आणि आकडा. सरकारी बदक मारले म्हणून गावाची पाचावर धारण बसली होती. पाटलांनी रीतसर पंचनामा केला होता, त्यात 'मयत बदक इसमाच्या ताब्यात मिळाले' असे होते. मी समजावले, की लांबच्या मुलखात कुणी विद्वान बदके पकडून कड्या घालतात आणि सोडून देतात, म्हणजे बदक कुठून कुठे जाते ते कळते. पाटील बराच वेळ कडीकडे बघत बसले.

"म्हनजे बदक सरकारनं नही ना?" त्यांनी विचारले.

"नाही."

"मंग आम्ही ते खादं, ते चालस ना?"

मी चालते म्हणालो. कडी मुंबईला पाठवली. जिवंत पाखराच्या पायात चिठ्ठी घालण्याची ही तऱ्हा मला फार आवडली आणि तिची थोडी धास्तीही वाटली. पाखरू न मारता शास्त्र होऊ लागले, तर शिंप्याचे काय काम?

त्याच हिवाळ्यात आमची छावणी चोपड्याला होती. म्युझियमने ठरवले होते, की तापीपासून सातपुड्यापर्यंत कुठली पाखरे आहेत ते एकदा नीट पाहावे. मी चोपड्याच्या बंगल्याच्या ओसरीवर टेबल टाकून बसे आणि पाखरे मारून आणायला चार शिकारी होते. त्यांतला दित्या हा सातपुड्यातला पावरा, माझ्याच वयाचा. बंदूक जुनी, पण नेम असा, की पाखराच्या अंगात दोनतीन छऱ्यांवर छरा सापडत नसे. शिंप्याला असा शिकारी म्हणजे पर्वणी. तो राहत असे त्या पाड्याचे नाव मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे येईल.

एका गोष्टीची कबुली आधीच देऊन टाकतो. चिठ्ठीवर जागा लिहायची ती इंग्रजीत, आणि माझे इंग्रजी म्हणजे अक्षर ओळखण्यापुरते. पंधरावीस पाखरे टेबलावर पडलेली, ऊन चढत चाललेले, माशा घोंगावताहेत आणि मी एकेक अक्षर काढत बसलोय, असे होई. म्हणून मी जळगावला जाऊन रबरी शिक्का करवून आणला: 'चोपडा, पूर्व खानदेश'. रविवारी निवांत बसून आठवड्याच्या चिठ्ठ्यांवर एकदम शिक्के मारून ठेवायचे, मग फक्त तारीख, नर-मादीची खूण आणि मारणाऱ्याच्या नावाचे एक अक्षर. अक्षर छापल्यासारखे स्वच्छ. मुंबईहून शाबासकीचे पत्र आले होते. शिकारी रोज चार-पाच मैलांपलीकडे जात नसत, तेव्हा जागाही चुकत नसे.

दित्या मात्र दोन दिवसांसाठी घरी गेला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी पानांच्या द्रोणात चार पाखरे घेऊन उतरला. त्यांतले एक माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "नाना, हाऊ येगळा शे."

मी पाहिले. छोटेसे घुबड. "पिंगळा तर आहे."

"तुना गावना पिंगळा रातले बोलस. हाऊ भर दुपारले बिनपाननं झाडवर बसस. डोकं देख, ठिपका नही. पाय देख, कितला जाड शेतस."

पाय जाड होते खरे. मी विचारले, कुठे मारलास? त्याने आपल्या पाड्याचे नाव सांगितले. मी नकाशा उघडला. नकाशात चोपडा होते, लासूर होते, पाडा नव्हता. डोंगराच्या जागी नुसत्या रेघा होत्या.

"नकाशात नाही तुझा पाडा," मी म्हणालो.

"नकाशामा नही ते काय व्हयनं?" दित्या म्हणाला. "मी तठेच ऱ्हास ना. लिखनं व्हई ते पाडानं नाव लिख."

मी हो हो म्हणालो. मागे अकरा पाखरे खोळंबली होती, त्यांतला एक सुतार पक्षी वास मारायला लागला होता. मी शिक्क्याची चिठ्ठी घेतली, तारीख टाकली, दित्याचे अक्षर काढले, मादीची खूण केली आणि पिंगळ्याच्या त्या जाड पायाला बांधली. पाखरू मात्र मन लावून शिवले. ते माझ्या उत्तम कामांपैकी एक आहे, असे आजही म्हणेन.

पावसाळ्यात मुंबईचे पत्र आले. म्युझियममधले दस्तूर साहेब, पारशी गृहस्थ, पाखरांच्या शास्त्रातले मोठे जाणकार. माझी त्यांची भेट तोवर टपालातूनच होती, शिंपी म्हणून ते मला मास्तर म्हणत. जंगल कचेरीतल्या कारकुनाने पत्र वाचून दाखवले. तो पिंगळा साधा नव्हता. त्या जातीची मोजकी कातडी काय ती जगात होती, तीही आमच्या आजोबांच्या काळातली. आज हयात असलेल्या कुणा जाणकाराने ते पाखरू जिवंत पाहिलेले नव्हते. जात संपली असेच धरून चालले होते. 'आणि ते पाखरू, मास्तर, तुमच्या चोपड्याला आहे,' असे शेवटी होते. थंडी पडली की ते स्वतः येणार होते.

ते आले. तापी नावेतून उतरून आले, डोक्यावर टोपलीएवढी टोपी, गळ्यात दुर्बीण. मी त्यांची बंदूक घ्यायला हात पुढे केला.

"बंदूक नाही, मास्तर," ते म्हणाले. "मला पाखरू मारायचं नाही. बघायचंय. ते काय खातं, कुठं बसतं, घरटं कुठं करतं."

बंदुकीशिवाय पाखरांमागे निघालेला शहाणा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. माझ्या ओठांवर होते, की साहेब, ते इथले नव्हे. तेवढ्यात त्यांनी जंगलसाहेबापुढे आणि कचेरीतल्या सगळ्यांपुढे माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आमच्या सगळ्या संग्रहात याच्या चिठ्ठ्या सर्वांत स्वच्छ. मी नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवतो." शब्द ओठांवरून परत गेला. 

अकरा दिवस आम्ही चोपड्याच्या शिवारात हिंडलो. आमराया, केळीचे मळे, कपाशीची शेते, पडक्या विहिरी. साधे पिंगळे ढीगभर. साहेब प्रत्येकाला दुर्बीण लावून पाहत, वहीत लिहीत आणि पुढे चालू लागत. एका केळीवाल्याने मला बाजूला घेऊन विचारले, "साहेब काय देखी ऱ्हायना?"

"पिंगळा."

"मना घरवर रोज बसस. लई जा म्हना, त्याना आवाजनी बाईले झोप येत नही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आनि साहेबले इचार, यंदा कपाशीले भाव काय राही." पिंगळ्याच्या मागे हिंडणारा माणूस भविष्य सांगणारा, एवढे त्याला ठाऊक होते.

पाचव्या दिवशी मी धीर करून म्हटले, "साहेब, वर डोंगरात बघावं का?"

"चिठ्ठी काय म्हणते, मास्तर?"

"चोपडा."

"मग आधी चिठ्ठी. माणसाला आठवतं ते वाऱ्यासारखं असतं, आज इकडं, उद्या तिकडं. चिठ्ठी त्याच दिवशी लिहिलेली असते."

माझ्याच शिक्क्यापुढे माझे चालेना. मी त्यांच्यामागे चालत राहिलो. त्यांचे पाय सोलवटले होते, रात्री ते कोमट पाण्यात पाय सोडून बसत आणि सकाळी उजाडायच्या आत पुन्हा तयार. मला त्यांची दया येई आणि रागही येई, की हा माणूस माझ्यावर एवढा विश्वास का ठेवतो.

अकराव्या दिवशी त्यांनी वही मिटली. म्हणाले, दोनच गोष्टी संभवतात. एक तर शेवटचे पाखरू आपणच मारले. नाहीतर कातडे इथले नाही आणि कुणीतरी लबाडी केली. "मारणाऱ्याला बोलवा."

नाकेदार, म्हणजे जंगलखात्याचा पहारेकरी, जाऊन दित्याला घेऊन आला. दित्या ओसरीच्या खाली उभा, नाकेदार त्याच्या मागे काठी टेकून. साहेबांनी पाखराचे रंगीत चित्र पुढे धरले. दित्याची बोली त्यांना कळेना, म्हणून मधला दुभाषा मी.

"हे पाखरू कुठं मारलं?"

मी विचारले. दित्याने चित्र पाहिले, मला पाहिले, मान थोडी वळवून नाकेदाराला पाहिले. मी मनात म्हणत होतो, सांगून टाक बाबा, सुटू दे मला.

"आठेच," दित्या म्हणाला. "चोपडाना शिवारमा."

साहेब माझ्याकडे बघत होते. मी तंतोतंत भाषांतर केले.

दस्तूर साहेब दुसऱ्या दिवशी गेले. नावेत बसताना एवढेच म्हणाले, "वाईट झालं, मास्तर. आपण एक वर्ष उशिरा आलो." ते लबाडीची शंका साफ विसरले होते. माझी नोकरी राहिली, नावही राहिले. दित्याने मला वाचवले होते, आणि त्या उपकाराने मी दबून गेलो होतो. फाल्गुनात चार दिवसांची रजा काढली, जाड कापडाची एक बंडी हाताने शिवली, दुहेरी टाक्याची, आणि ती घेऊन त्याच्या पाड्यावर गेलो. चोपड्याहून दिवसभराची चाल, शेवटी निव्वळ चढ.

दित्याने बंडी घातली, खिशात हात घालून पाहिले, खूश झाला. मी म्हणालो, "दित्या, तू खोटं बोललास म्हणून माझी भाकरी राहिली."

तो हसायलाच लागला. "तुनी भाकर? तुनाकरता नही बोलनू मी, नाना."

"मग?"

"साहेब येस ते तंबू येस. तंबू येस ते नाकेदार येस. मंग पानी लागस, लाकडं लागतस, दूध लागस, कोंबड्या लागतस. कोन देस? पाडा देस. मांगला साली जंगलसाहेब आठे तीन दिन ऱ्हायना, आम्हन्या बठ्ठ्या कोंबड्या गयात. बायास्नी पानी वाही वाही पाय सुजी गयात." मग माझ्या तोंडाकडे पाहून समजूत घातल्यासारखा म्हणाला, "पन तुनं बी भलं व्हयनं, ते बेस व्हयनं."

मला लाज वाटली. दोन महिने मी स्वतःला एका मोठ्या मैत्रीचा धनी समजत होतो, आणि या माणसाच्या हिशेबात मी कोंबड्यांच्याही मागे होतो. तेही बरोबरच होते. वेठीचे पाणी माझ्या टेबलावरही आलेच होते की. घागरी कुणी भरल्या, हे मी कधी विचारले नव्हते.

"चाल," दित्या म्हणाला. "तुले दखाडस."

भर दुपार होती. पाड्यामागच्या उतारावर सागाची पाने गळून गेलेली. एका निष्पर्ण फांदीच्या टोकाला तो बसला होता, उन्हात, उघड्यावर, शेपटी इकडून तिकडे हलवीत. जाड पांढुरके पाय, पिवळे डोळे. मी जन्मभर पाखरांचे डोळे काढून त्या जागी कापसाचे बोळे बसवले. जिवंत पाखरू माझ्याकडे टक लावून बघतेय, असे कधी शांतपणे उभे राहून पाहिले नव्हते. थोड्या वेळाने त्याने गवतात झेप घेतली, सरडा घेऊन वर आला, आणि पलीकडच्या ढोलीतून दुसरे डोके बाहेर निघाले. जोडी होती. मला इतका आनंद झाला, की मी दित्याचा हात धरला. दस्तूर साहेबांचे सोलवटलेले पाय मला तिथे आठवले आणि डोळ्यांत पाणी आले.

"मी आजच साहेबांना लिहितो," मी म्हणालो.

"लिख. पाखरू जित्तं शे म्हनीसन लिख. पन पाडानं नाव लिखू नको."

आता धंदा न जाणणाऱ्याला वाटेल, की यात काय अवघड आहे. अवघड हे, की आमच्या शास्त्रात जागेवाचून पाखरू नाही. नाव लिहावे तर साहेब येणार, साहेबामागे तंबू, तंबूमागे नाकेदार. न लिहावे तर माझी चूक जगात पाखराची जात बुडाल्याचा पुरावा होऊन बसणार. वाट चढत आलो तेव्हा ही गोष्ट माझ्या अब्रूची होती. उतरताना ती पाड्याच्या पाण्याची आणि पाखराची झाली होती. रजेचे उरलेले दिवस मी त्यात काढले.

शेवटी कारकुनाकडून पत्र लिहून घेतले. शिक्क्याची सगळी हकिकत सांगितली, माफी मागितली. पाखरू वर डोंगरात आहे, जोडी आहे, माझ्या डोळ्यांनी पाहिली, पण गावाचे नाव देता येत नाही, असे कळवले. पंधरा दिवस मी बडतर्फीची वाट पाहिली. उत्तर आले ते फार सभ्य होते. दस्तूर साहेबांनी लिहिले होते, की तुमचे मन चांगले आहे, मी निराश झालो ते तुम्हाला पाहवले नाही, हे मी समजतो. पण चिठ्ठी पाखरू मेले त्या दिवशीची आहे आणि मारणाऱ्याची साक्षही तिला जुळते. जागेचे नाव नसलेले पत्र आम्ही चिठ्ठीच्या वर धरू शकत नाही. पत्र फाईलला ठेवले आहे.

पुढे त्यांचा अहवाल छापून आला, एक प्रत मलाही आली, ती कारकुनाने वाचून दाखवली. त्यात ती जात 'चोपड्याजवळ शेवटची आढळली' अशी नोंद आहे. खाली बारीक अक्षरांत माझे नाव घालून आभार आहेत, चिठ्ठ्यांच्या अचूकपणाबद्दल. मी तो अहवाल घरात कुणाला दाखवला नाही. बायकोला वाटले, काहीतरी ठपका आला असेल.

मग युद्ध आले, छऱ्याची काडतुसे मिळेनाशी झाली, छावण्या बंद पडल्या. मी घरी बसलो. हात आता कापतो, सुईत दोरा जात नाही. पाखरे शिवणारे यापुढे फार लागणार नाहीत. मला ऐकू येते, की आता शिकलेली मुले दुर्बीण घेऊन हिंडतात आणि कड्या घालतात. चांगले आहे. आमच्या हातचे काम आता खणातच दिसणार, एवढे मात्र लागते मनाला.

या ऑगस्टनंतर म्युझियमचे पत्र आले. दस्तूर साहेब निवृत्त झाले, त्यांच्या जागी नवे गृहस्थ आहेत, मराठी. त्यांना फाईलमध्ये माझे जुने पत्र सापडले. मोठ्या आदराने त्यांनी लिहिले आहे, की आता काळ बदलला आहे, देश आपला आहे, तेव्हा कसलीही भीती न बाळगता जागा कळवावी. नोंद दुरुस्त करू आणि स्वतः येऊन पाखरू पाहू.

मी पत्र वाचले आणि त्याच आठवड्यात, वयाचा विचार न करता, चोपड्याला गेलो. वर चढायला दीड दिवस लागला. दित्याला आता नीट दिसत नाही, पण माझा आवाज त्याने ओळखला. ओट्यावर बसून मी त्याला पत्र समजावून सांगितले.

"दित्या, इंग्रज गेले. आता राज्य आपलं. हा साहेब वेगळा आहे, बंदूक आणणार नाही. देऊ का नाव?"

त्याने माझ्या आवाजाकडे तोंड वळवले. मग म्हणाला, "साहेब गया. नाकेदार गया का?"

मी पत्राची घडी घातली. चढताना खालच्या वळणावर त्याच नाकेदाराने थांबवून माझी पिशवी उघडून पाहिली होती, आणि त्याच्या ओट्यावर दुधाचा तांब्या ठेवून दित्याची सून डोईवर रिकामी घागर घेऊन त्याच्यासाठी पाणी आणायला नाल्याकडे उतरत होती.